परत मिळणारा विमा

विमा एजंटापुढे बसलेला मराठी माणूस पहिला प्रश्न विचारतो तो "शेवटी हातात किती येणार?" हा. आपण गेलो तर घरच्यांना किती मिळतील, हा प्रश्न दुसरा, आणि तोही बहुधा एजंटच काढतो. गिऱ्हाईक तो विषय अभद्र म्हणून टाळते. हल्ली अर्थसाक्षरतेचे जे वर्ग भरतात त्यांत या सवयीची टर उडवली जाते. विमा आणि गुंतवणूक एकमेकांत कालवू नका, थोड्या हप्त्यात मोठी जोखीम झाकणारा मुदतीचा विमा घ्या आणि उरलेले पैसे पीपीएफमध्ये किंवा म्युच्युअल फंडात टाका, हा सल्ला नव्याने कमवू लागलेल्या प्रत्येकाला मिळतो. सल्ला बरोबर आहे. मात्र तो देता देता आधीच्या तीन-चार पिढ्यांना अडाणी ठरवले जाते, ते इतिहासाला धरून नाही. विम्याला बचत मानण्याची रीत पैसा ठेवायला भरवशाची जागा नसल्यामुळे पडली, वारसाच्या आणि कर्जाच्या कायद्यांनी तिला वळण लावले, प्राप्तिकराच्या सवलतीने तिला बळ दिले आणि एजंटाच्या कमिशनने ती पक्की केली. त्या त्या काळी ती बऱ्याच अंशी शहाणपणाची होती. तिची कारणे एकेक करून सरली, रीत मात्र राहिली.

परत काही न मिळणारा विमा आपल्या लोकांच्या पचनीच पडत नाही, असे म्हणणाऱ्यांनी जुन्या व्यापाराकडे पाहावे. पश्चिम किनाऱ्यावरच्या सावकारीत जोखमी हुंडी चालत असे. माल गलबतावर चढवणारा व्यापारी माल घेणाऱ्याच्या नावे हुंडी लिही आणि सराफ ती वटाव कापून विकत घेई. गलबत सुखरूप बंदराला लागले तर सराफाला हुंडीचे पूर्ण पैसे मिळत. गलबत बुडाले तर हुंडीही बुडे आणि सराफाला दमडी मिळत नसे. म्हणजे वटावात व्याज होते तशी दर्याच्या जोखमीची किंमतही होती. खुश्कीवर हुंडेकरी ठोक रक्कम ठरवून मालाची ने-आण आणि वाटेतली जकात अंगावर घेत. गलबत धडपणे पोचले म्हणून वटावाचे पैसे परत मागायला कोणी सराफाच्या पेढीवर गेल्याचे ऐकिवात नाही. जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात घालायची तर तिची किंमत मोजावी लागते आणि ती गेली म्हणजे गेली, हा हिशेब व्यापाऱ्याला उमगलेला होता. पण त्या व्यापाऱ्याचा उरलेला पैसा त्याच्याच धंद्यात फिरत असे. बचत कुठे ठेवावी हा प्रश्न त्याला विम्याच्या दारी न्यायचा नाही. तो प्रश्न पडला तो एकोणिसाव्या शतकात तयार झालेल्या नव्या माणसाला: सरकारी कचेरीतला कारकून, शाळामास्तर, वकील, रेल्वेतला आणि टपालातला नोकर. त्याच्याकडे दरमहा रोख पगार येत होता, गावची जमीन भावांच्या ताब्यात होती आणि त्याला स्वतःचा धंदा नव्हता.

हा वर्ग जिथे घडत होता त्या मुंबईत १८६५ साली जे झाले त्याचा धसका पुढे कित्येक वर्षे पुरला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आलेला पैसा जिरवायला जागा हवी म्हणून शहरात बँका, वित्त कंपन्या आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या भराभर निघाल्या. त्यांतल्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. शेअर दलाल प्रेमचंद रायचंद यांची मर्जी झाली की वाटपात शेअर मिळत, आणि मिळालेला शेअर गहाण ठेवून बँक ऑफ बॉम्बे आणखी शेअर घ्यायला कर्ज देई. वायद्याचे मोठे सौदे १ जुलै १८६५ ला पुरे करायचे होते. युद्ध एप्रिलमध्येच संपले, कापूस कोसळला आणि जुलै उजाडला तेव्हा ज्याने त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवले. ज्या बँकेत सरकारचेही भागभांडवल होते ती बँक ऑफ बॉम्बे बहुतेक सारे भांडवल घालवून बसली आणि १८६८ मध्ये मोडीत निघाली. त्याच वर्षी त्याच नावाने नवी बँक काढावी लागली. त्या तेजीच्या खुणा शहरात अजून उभ्या आहेत, राजाबाई टॉवर त्यांतलीच एक. पण पगारदार माणसाने त्यातून घेतलेला धडा साधा होता. शेअर म्हणजे सट्टा, आणि बँकेवर सरकारी नाव असले तरी ती बुडते. दलालांनी १८७५ मध्ये आपली संघटना बांधली आणि तिचाच पुढे मुंबई शेअर बाजार झाला, तरी दलाल स्ट्रीटकडे घरगुती बचत फिरकायला आणखी शंभर वर्षे जावी लागली.

बँकांचा अविश्वास त्या एका पडझडीवर थांबला नाही. १९१३ मध्ये मुंबईची इंडियन स्पीसी बँक चांदीच्या सट्ट्यात बुडाली आणि त्या चार-पाच वर्षांत देशभर डझनावारी बँकांना टाळे लागले. स्वातंत्र्यानंतरही, १९६० मध्ये, केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक एकाच वर्षात बंद पडल्या. त्यानंतर कुठे ठेवींचा विमा आला, १ जानेवारी १९६२ पासून, तोही ठेवीदारामागे फक्त १,५०० रुपयांचा. १८८२ मध्ये निघालेली पोस्टाची बचत बँक होती आणि ती बुडण्याची भीती नव्हती. पण तिचे व्याज बेताचे, आणि काढायला सोपे असलेले पैसे लग्नकार्यात निघून जात. राहिली भिशी. ओळखीतल्या दहा-वीस जणांनी दरमहा सारखी रक्कम घालायची आणि पाळीपाळीने एकेकाने सगळी उचलायची, ही पद्धत अजून बाजारपेठांत, चाळींत, कचेऱ्यांत चालते आणि अल्पमुदतीच्या गरजेला ती उत्तमही आहे. पण ज्याची भिशी आधी लागली तो पुढचे हप्ते भरील याला त्याच्या अब्रूखेरीज तारण नसते. म्हणून भिशी फुटते तेव्हा पैशांबरोबर नातीही तुटतात. आणि वीस वर्षांची भिशी कोणी लावत नाही.

या पोकळीत आयुर्विमा कंपन्या आल्या. युरोपीय कंपन्या कलकत्त्यात १८१८ पासून होत्या, पण त्यांचे लक्ष गोऱ्या साहेबांवर; एतद्देशीयांचा विमा उतरवलाच तर जादा हप्ता घेऊन. हिंदी माणसाला गोऱ्याच्याच दराने विमा देणारी बॉम्बे म्युच्युअल १८७०-७१ च्या सुमारास मुंबईत उभी राहिली, आणि १८७४ मध्ये ओरिएंटल. तिचे पूर्ण नाव ओरिएंटल गव्हर्नमेंट सिक्युरिटी लाइफ अॅश्युरन्स कंपनी. एवढे लांबलचक नाव ठेवण्यामागे धंद्याची चांगली जाण होती. शेअरबाजार कोसळून नऊच वर्षे झाली होती. तुमचे पैसे सरकारी रोख्यांत आहेत, बॅक बेच्या चिखलात नाहीत, हे पाटीवरच लिहिलेले होते. कंपनी मरणाची जोखीम विकत होती यात शंका नाही, पण नावात ग्वाही दिली ती पैशाच्या सुरक्षिततेची. स्वदेशी चळवळीच्या काळात अशा कंपन्यांचे पीक आले. कलकत्त्यात, मद्रासेत, लाहोरात त्या निघाल्याच. आपल्याकडे साताऱ्यासारख्या जिल्ह्याच्या गावी अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली, आणि पुढे १९३६ मध्ये त्यांनीच युनायटेड वेस्टर्न बँक उभी केली. हा क्रम लक्षात घ्यावा. साताऱ्यात आधी विमा कंपनी उभी राहिली आणि तेवीस वर्षांनी बँक. ठिकठिकाणचे वकील, मास्तर आणि मामलेदार कचेरीतले लोक यांच्या दृष्टीने घराजवळची, ओळखीच्या माणसांनी चालवलेली, लांब मुदतीची पेढी म्हणजे विमा कंपनीच होती.

मरणाच्या रकमेपेक्षा जगून मिळणाऱ्या रकमेचे आकर्षण का, याला कायद्याचाही एक पदर आहे, तो फारसा कोणी उलगडत नाही. नवऱ्याने बायकोमुलांच्या नावे पॉलिसी काढली तर ती रक्कम विश्वस्त निधी समजावी, तिला त्याचे सावकार हात लावू शकणार नाहीत, अशी तरतूद १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याच्या सहाव्या कलमात होती. पण हिंदू, मुसलमान, शीख आणि जैन यांच्या पॉलिसींना ते कलम निःसंदिग्धपणे लागू झाले ते मद्रासेत १९१३ सरता सरता आणि बाकी मुलखात १ एप्रिल १९२३ पासून. तोवर कर्ज मागे ठेवून माणूस गेला तर विम्याच्या पैशांवर धनको दावा सांगू शकत होते, आणि एकत्र कुटुंबात विधवेच्या वाट्याला पोटगीच्या हक्कापलीकडे फारसे काही येत नसे. तिला वाटा देणारा कायदा १९३७ चा. मृत्यूनंतर येणारी रक्कम नेमकी कोणाच्या हाती पडेल याची खात्री नसलेल्या माणसाला, पंचावन्नाव्या वर्षी आपल्याच हातात पडणारी रक्कम बरी वाटली तर त्याला आपमतलबी म्हणता येत नाही. ते सहावे कलम आजही आहे. धंद्यासाठी कर्ज काढलेल्या माणसाने पॉलिसी घेताना त्याखाली एक अर्ज भरून दिला की ती रक्कम धनकोंपासून सुरक्षित राहते. विकताना ही गोष्ट सांगणारे एजंट थोडे, हा भाग निराळा.

सरकारनेही पहिल्यापासून विम्याकडे बचत म्हणूनच पाहिले. इंग्लंडात अर्थमंत्री ग्लॅडस्टनने १८५३ मध्ये विम्याच्या हप्त्याला उत्पन्नाच्या सहाव्या हिश्शापर्यंत प्राप्तिकरातून सूट दिली होती. हिंदुस्थानात १८८६ चा प्राप्तिकर कायदा आला तेव्हा तोच सहावा हिस्सा त्यात उतरला. हप्त्यातला जोखमीचा भाग किती आणि साठवणीचा किती, असा भेद कायद्याने केला नाही. त्या मर्यादेत सगळाच हप्ता माफ. मग हुशार माणूस जास्त साठवणीचा विमा घेणार हे उघड होते, आणि जानेवारी ते मार्च या तिमाहीत पॉलिसी विकण्याची प्रथा त्यातून पडली. रीतीला मूळ स्वभावात आहे की धोरणात, हे तपासायला विलायतेचा पुढचा इतिहास उपयोगी पडतो. तिथेही मध्यमवर्ग पिढ्यान्‌पिढ्या साठवणीचा विमा घेत होता. १९८४ मध्ये नव्या पॉलिसींवरची ती करसूट काढून टाकली गेली आणि त्या धंद्याचा एक मोठा आधार गेला. गहाणखतांना जोडून तो आणखी काही वर्षे जोरात विकला गेला, पुढे फसवणुकीच्या तक्रारींचा गदारोळ होऊन तोही ओसरला. इंग्रज माणसाचा स्वभाव त्या दहा-पंधरा वर्षांत बदलला असे कोणी म्हणणार नाही.

इथे एक तांत्रिक मुद्दा टाळून चालणार नाही, कारण साठवण आणि जोखीम एकत्र येण्यामागे विमागणिताचेही कारण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी वाटणीच्या तत्त्वावर चालणाऱ्या पुष्कळ मंडळ्या निघाल्या. वर्षभर सभासदांनी पैसे घालायचे आणि त्या वर्षी जितके सभासद वारले, किंवा काही ठिकाणी ज्यांच्या घरी लग्ने निघाली, त्यांच्यात जमा रक्कम वाटून टाकायची. गंगाजळी शून्य. सभासद तरुण असेपर्यंत वाटा मोठा येई. ते म्हातारे झाले, नवे भरती होईनात, की मंडळी आटोपत असे. १९१२ च्या दोन कायद्यांनी विमा कंपन्यांवर आणि अशा भविष्यनिधी मंडळ्यांवर देखरेख आणली, हप्त्यांचे तक्ते विमागणितज्ञाकडून तपासून घेणे भाग पाडले. १९३८ च्या कायद्याने वाटणीचा धंदाच बंद केला. सांगायचे ते हे की माणसाची मरणाची शक्यता वयाबरोबर वाढत जाते आणि हप्ता मात्र सारखाच ठेवायचा, तर सुरुवातीच्या वर्षांत जास्त घेऊन साठवावे लागते. साठवण ही चांगल्या विम्याची खूण ठरली ती अशी. ज्यांनी फुटलेल्या मंडळ्या पाहिल्या होत्या त्यांना, दरवर्षी पैसे घेऊन मागे काही न ठेवणारा स्वस्त विमा संशयास्पद वाटला, हे समजण्यासारखे आहे. मुदतीच्या विम्यातही गंगाजळी असते, फक्त ती गिऱ्हाइकाच्या नावे साचत नाही. हा फरक त्यांना कोणी समजावून सांगितला नाही.

१९५६ ने या रीतीवर सरकारी शिक्का मारला. उद्योगपती रामकृष्ण दालमियांच्या ताब्यातल्या भारत इन्शुरन्स कंपनीचे दोन कोटींहून अधिक रुपये गायब झाल्याचे प्रकरण खासदार फिरोज गांधींनी १९५५ च्या डिसेंबरात लोकसभेत काढले, आणि १९ जानेवारी १९५६ च्या रात्री अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विमा सरकार ताब्यात घेत असल्याचे जाहीर केले. १५४ देशी कंपन्या, १६ विदेशी आणि ७५ भविष्यनिधी मंडळ्या, अशा २४५ संस्था एका वटहुकमाने सरकारकडे आल्या आणि १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. ओरिएंटल गेली, साताऱ्याची वेस्टर्न इंडियाही गेली. (देशमुखांनी मधल्या काळात, जुलैमध्ये, मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला होता; महाराष्ट्राला ते त्यासाठी आठवतात, विम्यासाठी नाही.) सरकारला दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी लांब पल्ल्याचा पैसा हवा होता, म्हणजे त्यालाही साठवणीचाच विमा सोयीचा होता. वर्षभरातच महामंडळाने उद्योजक हरिदास मुंदडांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटीचे शेअर घेतल्याचे उघड झाले, मुंबईत न्यायमूर्ती छगला यांच्यापुढे उघड चौकशी झाली, तिचे कामकाज ऐकायला लोकांनी गर्दी केली आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारींना जावे लागले. लोकांनी त्यातूनही उलटाच अर्थ काढला, आणि मला वाटते तो अगदीच चुकीचा नव्हता: सरकारी संस्थेत घोटाळा झाला तर मंत्री जातो, आपली पॉलिसी जात नाही.

आता हप्त्याचाच हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल, पण जुन्या पॉलिसींच्या जातकुळीचे आहेत. तिशीतला माणूस वीस वर्षांची, एक लाखाची, नफ्यासह पॉलिसी घेतो; वर्षाला ५,००० रुपये भरतो; हजारी ४५ रुपये बोनस मिळतो. वीस वर्षांनी त्याला १,९०,००० रुपये मिळतात. एक लाख भरले आणि दुप्पट होत आले, असे तो सांगतो, आणि एजंटही तसेच सांगतो. व्याजाचा दर काढला तर तो पावणेसहा टक्क्यांच्या आसपास येतो. १९६५ मध्ये अशी पॉलिसी घेतलेल्याच्या डोळ्यांदेखत १९८५ पर्यंत भाव चौपटीहून अधिक झाले. विम्याची बाजू बघावी तर पंधराव्या वर्षी तो गेला तर घरच्यांना बोनससह १,६७,५०० मिळतात. त्यातले ७५,००० त्याने स्वतः भरलेले, आणि पाच टक्क्यांनी व्याज धरले तर त्यांचेच १,१३,००० झालेले. कंपनीने पदरचे घातले ते पन्नास-पंचावन्न हजार. म्हणजे वर्षे सरतात तशी कंपनीची जोखीम आटत जाते आणि माणूस उत्तरोत्तर आपल्याच पैशाने आपला विमा उतरवू लागतो. आणि चार वर्षे भरून त्याने पॉलिसी सोडली तर? जुन्या नियमाने पहिला हप्ता वगळून उरलेल्यांच्या तीस टक्के, म्हणजे भरलेल्या वीस हजारांतून साडेचार हजार हाती. तीन वर्षांच्या आत सोडली तर काहीच नाही. हा नियम ऑक्टोबर २०२४ पासून सौम्य झाला आहे, पण त्याआधीच्या कित्येक दशकांत पॉलिसी बंद पडलेल्यांचे पैसे टिकून राहिलेल्यांच्या बोनसला हातभार लावत होते.

कमिशनवर सगळे खापर फोडणारे इथे पुढे येतात. पहिल्या वर्षीच्या हप्त्यातला ३५ टक्क्यांपर्यंतचा वाटा एजंटाला देण्याची मुभा कायद्यातच होती. पाच हजारांच्या हप्त्यावर मिळणारे कमिशन आणि पाचशेच्या मुदतीच्या विम्यावरचे कमिशन यांत त्याने कशाची शिफारस करायची? आक्षेप खरा आहे, पण अपुरा. त्या कमिशनवरच सायकलवरून तालुक्याची गावे पालथी घालणारा माणूस जगत होता. अर्ज तो भरी, डॉक्टरची तपासणी तो करवून घेई, हप्ता चुकला तर दार तो ठोठावी आणि घरधनी गेला तर मृत्यूचा दाखला मिळवण्यापासून चेक हाती पडेपर्यंत तोच धावपळ करी. मरणाचा विषय ऐकूनही न घेणाऱ्या घरांत विमा पोचला तो मुलीच्या लग्नाच्या आणि म्हातारपणाच्या पैशांचे बोट धरून. अपुरा का होईना, पोचला. १९८६ मध्ये सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला तेव्हा हे उलट बाजूने दिसले. त्यात परत मिळण्यासारखे काहीच नव्हते, आणि इस्पितळाची बिले अंगावर येईपर्यंत घरोघरी त्याला "पैसे पाण्यात" म्हणत.

रीतीची कारणे सरली ती साधारण १९६० ते १९९५ या काळात. बँकांच्या ठेवींना विमा मिळाला, १९६८ मध्ये पीपीएफ आला, म्हणजे बुडण्याची भीती नसलेली, करसवलत असलेली आणि लवकर काढता न येणारी साठवण विम्यावाचून करता येऊ लागली. १९६४ मध्ये युनिट ट्रस्टने दहा रुपयांचे युनिट काढून शेअर न घेता शेअरबाजारात पाय ठेवायची सोय केली. सत्तरीच्या दशकात विदेशी कंपन्यांना आपले भाग इथल्या लोकांना विकावे लागले आणि पगारदार माणूस शेअरचे अर्ज भरू लागला. १९९२ मध्ये शेअरबाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या हाती कायद्याचे दात आले. विमा आणि गुंतवणूक वेगळी ठेवा म्हणणाऱ्यांना इथे एक अडचणीचा प्रश्न विचारायला हवा. वेगळी ठेवलेली गुंतवणूक तरी सुरक्षित राहिली का? जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्टने आपल्या सर्वांत मोठ्या योजनेची, युनिट ६४ ची, खरेदी-विक्री थांबवली तेव्हा निवृत्त माणसांची फंडाची आणि ग्रॅच्युइटीची रक्कम त्यात अडकली होती. पण तो दोष शेअरबाजारातल्या चढउतारापेक्षा लपवालपवीचा होता. युनिटचा भाव आतल्या मालमत्तेवरून ठरत नव्हता, ट्रस्ट जाहीर करील तो भाव असे, आणि लाभांश दरवर्षी दिलाच पाहिजे म्हणून पोटातले कमी होत गेले. हाच आडपडदा साठवणीच्या विम्यात शंभर वर्षे होता. फरक इतकाच की तिथे धक्का बसत नाही, कारण तिथे गिऱ्हाइकाला भाव कधी दिसतच नाही. आज म्युच्युअल फंडाचा भाव रोज छापून येतो. तो खाली जाताना बघवत नाही, ही तक्रार रास्त आहे, पण पाच-सात वर्षांत लागणारा पैसा तिथे ठेवू नये, एवढेच तिचे उत्तर.

कारणे सरल्यावरही रीत किती जोमात होती ते २००९-१० च्या भांडणात दिसले. सेबीने १ ऑगस्ट २००९ पासून म्युच्युअल फंडात शिरतानाचा आकार बंद केला, विक्रेत्यांचे उत्पन्न आटले आणि तेच विक्रेते युनिटशी जोडलेला विमा, म्हणजे यूलिप, विकू लागले; तिथे पहिल्या वर्षीच्या हप्त्यातला मोठा हिस्सा खर्चापोटी कापून घेता येत होता. ९ एप्रिल २०१० ला सेबीने चौदा विमा कंपन्यांना बजावले की ही गुंतवणूक आहे, आमच्या परवानगीवाचून विकू नका. विमा नियामकाने उलट बजावले की हा विमा आहे, खुशाल विका. जूनमध्ये सरकारने वटहुकूम काढून निकाल विम्याच्या बाजूने दिला आणि १ सप्टेंबरपासून विमा नियामकाने खर्चाला मर्यादा घातली, पैसे अडकून राहण्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. हा विमा की गुंतवणूक, हे दोन सरकारी नियामकांना ठरवता येईना आणि वटहुकूम काढावा लागला, तिथे पंचविशीतल्या नोकरदाराने दोन्हींची गल्लत केली तर नवल नाही.

एक आक्षेप मात्र मी सहज बाजूला सारणार नाही. सक्ती नसेल तर माणूस साठवत नाही. मुदतीचा विमा घेऊन वाचलेले पैसे गुंतवायचे, हे कागदावर. प्रत्यक्षात ते मोबाइलच्या हप्त्यात जातात. हप्त्याचा धाक हीच साठवणीच्या विम्याची खरी कमाई होती आणि पावणेसहा टक्के मिळालेला माणूस काहीच न साठवलेल्यापेक्षा बराच. पण तो धाक आता विम्याची मक्तेदारी राहिलेला नाही. बँकेला एकदा लिहून दिले की पगाराच्या दुसऱ्या दिवशी एसआयपीची किंवा आवर्ती ठेवीची रक्कम आपोआप कापली जाते, आणि एखादा महिना चुकला तर आधीचे पैसे बुडत नाहीत. करसवलतीचा आधारही सुटतो आहे. २०२३-२४ पासून जी करप्रणाली आपोआप लागू होते तिच्यात कलम ८० सीची, विम्याच्या हप्त्यावरची, सवलत नाही, म्हणजे १८८६ पासून चालत आलेले कारण तिथे उरलेले नाही. आणि ज्या सरकारने साठवणीचा विमा विकला त्यानेच २०१५ मध्ये प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना आणून परत काही न मिळणारा विमा बँकेच्या खात्याला जोडून दिला: १८ ते ५० वयाच्या माणसाला वर्षाला ३३० रुपयांत, २०२२ पासून ४३६ रुपयांत, दोन लाखांचे संरक्षण. वर मांडलेल्या उदाहरणातला माणूस एका लाखासाठी पाच हजार भरत होता. सामूहिक विम्याचा दर वैयक्तिक पॉलिसीशी तंतोतंत ताडून पाहता येत नाही हे खरे, तरी जोखमीची निव्वळ किंमत किती थोडी असते याचा अंदाज त्यातून येतो. मे महिन्याच्या अखेरीस ती रक्कम खात्यातून जाते आणि पासबुकात एक ओळ उमटते. ती ओळ वाचून नॉमिनीला सांगणारा कोणी घरात नसेल तर दोन लाखांचा दावा कोणी लावायचा, हे काम पूर्वी सायकलवरच्या एजंटाचे होते, आणि ४३६ रुपयांत ते कोणाकडेच दिलेले नाही.